दोन टनांची सवत

पत्र थोडक्यात असं : वाचक ताई ४४ वर्षांच्या. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरीला. यजमान ४९ वर्षांचे. एकवीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून तीन वर्षांपूर्वी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. हाती आलेल्या पैशातून परसात पत्र्याची शेड उभी केली, कॉम्प्रेसर आणला आणि राजस्थानातल्या मकराण्याहून अडीच बाय दोन बाय पाच फुटांचा पांढरा संगमरवर मागवला. सूप घेऊन धान्य पाखडणारी बाई त्यातून काढायची आहे. मातीचा नमुना केलेला नाही. ‘ती दगडातच आहे, मी फक्त मोकळी करतोय,’ असं ते म्हणतात. पहाटे साडेपाचला शेडमध्ये जातात ते अंधार पडेपर्यंत. चेहरा आतापर्यंत तीनदा बदलला. दरम्यान अर्धपुतळ्यांच्या दोन ऑर्डरी ‘तो धंदा झाला’ म्हणून परत पाठवल्या. पेन्शन येते, पण साठवलेलं संपत आलंय आणि मुलगी बारावीला आहे. त्यांना खोकला आहे, थंडीत डाव्या हाताची बोटं पांढरी पडतात. नणंद म्हणते, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. ताई विचारतात : ‘सासूबाई गेल्यापासून हे असंच चाललंय. हा दगड माझी सवत झालाय. ऑर्डरी घ्या म्हणून भांडू, परत नोकरी धरा म्हणू, की कलावंताची बायको म्हणून गप्प बसू? संसाराचा हिशेब मांडून मी त्यांच्या कलेचा गळा तर घोटत नाही ना?’

ताई,

तुमच्या चार पानांपैकी तीन पानं दगडाबद्दल आहेत. सासूबाईंबद्दल एक ओळ आहे, तीही जाता जाता आलेली. त्या ओळीकडे मी नंतर येते. आधी नणंदबाईंची म्हण घेऊ, कारण ती तुमच्या मनात काट्यासारखी रुतलेली दिसते.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे खरं. पण घाव सोसायचे कोणी? दगडाने. देव व्हायचंय त्याला. तुम्हाला देव व्हायचं नाही, लेकीलाही नाही, तिला बारावी पास व्हायचंय. आपल्याकडे ही म्हण फार सैल हाताने वापरतात. कोणीतरी टाकी चालवतं आणि घाव भलत्यालाच लागतात, मग त्या भलत्याला सांगायचं की बघ, तुझं देवपण जवळ आलं. पुढच्या वेळी नणंदबाई म्हणाल्या तर शांतपणे विचारा, ‘वन्सं, यातला दगड कोण?’

आता सवत. सोळाव्या शतकातला इटलीचा थोर शिल्पकार मायकेलअँजेलो, त्याची एक गोष्ट त्याच्या समकालीन चरित्रकाराने लिहून ठेवली आहे. एका स्नेह्याने हळहळ व्यक्त केली की तुम्ही लग्न केलं नाहीत, पोरंबाळं असती तर बरं झालं असतं. त्यावर तो म्हणाला, बायको आहे की, ही कला, आणि तिने आयुष्यभर मला पुरेसं छळलंय. ही गोष्ट कलावंत मंडळी मोठ्या आवडीने सांगतात. पण तो माणूस अविवाहित होता, हे सांगायचं राहून जातं. तुमच्या यजमानांनी आधी लग्न केलं आणि दगड नंतर आणला. हा क्रम महत्त्वाचा आहे. आणि एवढा कलेशी लग्न लावलेला माणूस, पण फ्लॉरेन्सला वडिलांना आणि भावांना पैसे पाठवणं त्याने वर्षानुवर्षं सोडलं नाही. कुरकुर करत पाठवायचा, पत्रांतून खडसावायचा, पण पाठवायचा.

म्हणजे ‘खरा कलावंत हिशेबात पडत नाही’ हे जे तुम्ही, तुमचे यजमान आणि नणंदबाई तिघांनी मिळून गृहीत धरलंय, ते मला मुळातच पटत नाही. संगमरवराच्या कामाइतकं हिशेबी काम दुसरं नसेल. मातीत चुकलं तर लावता येतं, फायबरमध्ये भरता येतं, ब्राँझलाही डाग देता येतो. दगडात गेलं ते गेलं. छिन्नी उचलण्याआधी मोजावं लागतं आणि उचलल्यावरही मोजतच राहावं लागतं. तुमच्या शेडमधल्या दगडाचंच बघा. अडीच गुणिले दोन गुणिले पाच, पंचवीस घनफूट. संगमरवर घनफुटाला साधारण ७६ किलो भरतो. म्हणजे आला तेव्हा तो एकोणीसशे किलोचा होता, दोन टनांना शंभर कमी. हे यजमानांना तोंडपाठ असणार, कारण त्याशिवाय ना ट्रक ठरवता येतो ना क्रेन. जो माणूस दगडाचं वजन किलोत सांगू शकतो, त्याला घरखर्च रुपयात विचारला तर कलेचा गळा घोटला जात नाही. आणि विचारणाऱ्या तुम्ही, दिवसभर पतसंस्थेत गावाचे हिशेब जुळवणाऱ्या! तुम्हालाच स्वतःच्या घराचा हिशेब मांडताना पाप वाटावं, याचं मला वाईट वाटलं.

ऑर्डरींबद्दल मात्र मी जरा लांबण लावणार आहे. ‘ऑर्डरीचं काम म्हणजे धंदा’ हे वाक्य तुम्हीही खरं धरून चालला आहात. तुमचं म्हणणं एवढंच की धंदा तर धंदा, पैसे तर येतील. मी म्हणते, वाक्यच तपासा.

शिर्डीची साईबाबांची मूर्ती महाराष्ट्रातल्या किती घरांत तसबिरीतून पोचली आहे! पांढऱ्या इटालियन संगमरवरातली ती मूर्ती बाळाजी वसंत तालीम यांनी घडवली आणि १९५४ च्या दसऱ्याला ती समाधी मंदिरात बसली. ती ऑर्डर होती. बाबा जाऊन तेव्हा छत्तीस वर्षं झाली होती. समोर बसवून घडवायला माणूस नव्हता आणि पारखायला होती बाबांना डोळ्यांनी पाहिलेली माणसं. आता सांगा, त्या मूर्तीत भक्ती कमी पडली असं कोणी म्हणेल? नानासाहेब करमरकरांचा पुण्यातला अश्वारूढ शिवाजी, १९२८ चा, ब्राँझचा. तोही ऑर्डरीचाच. आणि त्याच करमरकरांनी अलिबागजवळ सासवण्याला आपल्या घरी काय केलं? साध्या सिमेंटमध्ये मनाजोगती शिल्पं केली. मी गेले होते तेव्हा तिथल्या म्हशीपाशीच जास्त वेळ उभी राहिले. सिमेंटची म्हैस, कोणी न सांगता केलेली. एकाच माणसाच्या हातून दोन्ही झालं आणि एकाने दुसऱ्याचा गळा घोटला नाही.

बरं, परदेशातलं म्हणाल तर मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ हीसुद्धा ऑर्डरच. १५०१ चा करार, मुदत दोन वर्षं, महिन्याला सहा सोन्याचे फ्लोरिन. आणि दगड कसला मिळाला? दुसऱ्यांनी हात लावून सोडून दिलेला, पंचवीस-एक वर्षं आवारात ऊनपाऊस खात पडलेला. त्यातून सतरा फूट उंचीचा पुतळा निघाला. ऑर्डरीने, मुदतीने, दुसऱ्याच्या उष्ट्या दगडाने त्याचं काही बिघडलं नाही. उलट ज्या कामाला धड मुदत राहिली नाही ते बघा. पोप ज्युलियसची कबर १५०५ ला सुरू झाली, नुसता दगड निवडायला हा माणूस इटलीतल्या काराराच्या संगमरवरी डोंगरात आठेक महिने राहिला आणि कबर पुरी झाली १५४५ ला. चाळीस वर्षं ती त्याच्या मानेवर बसली होती.

मी हे यजमानांना हिणवायला सांगत नाही. मला ते आवडले, खरं सांगते. पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा माणूस रोज पहाटे उठून स्वतःहून एखाद्या अवघड गोष्टीसमोर उभा राहतो, हे दुर्मीळ आहे. फक्त ‘दारू नाही, पत्ते नाहीत, मग बाई तुझी तक्रार काय’ हे जे शेजारीपाजारी तुम्हाला सांगतात, त्यात मी सूर मिसळणार नाही. नवरा व्यसनी नाही ही काही मेहेरबानी नव्हे.

दगडातलं मला फारसं कळत नाही. म्हणून तुमचं पत्र, नावगाव गाळून, एका जुन्या शिल्पकार मित्राला वाचून दाखवलं. पैशांचं, नोकरीचं त्याने कान देऊन ऐकलं आणि काही बोलला नाही. ‘चेहरा तीनदा बदलला’ या वाक्यावर मात्र मला थांबवलं आणि विचारलं, ‘चेहरा किती आत गेलाय?’

मला कळेना. मग त्याने समजावलं. दगडातला चेहरा बदलायचा म्हणजे मागे सरकायचं. नाक पटलं नाही, ते उडवलं की नवं नाक गालांच्या पातळीतून काढायचं, म्हणजे गाल आत. गाल आत गेले की कान आत, कान आत गेले की मान, मान गेली की खांदे आणि मग सूप धरलेले हात छातीला लांब वाटायला लागतात, की तेही आत. तीनदा चेहरा बदलला याचा अर्थ बाई तीनदा बारीक झाली. ‘चौथ्यांदा बदलला तर सूप राहील, बाई राहणार नाही,’ तो म्हणाला. आणि मग मिलानमधल्या एका शिल्पाबद्दल बोलत बसला.

तेही मायकेलअँजेलोचंच. शेवटचं. आई आणि तिच्या अंगावर रेललेला मेलेला मुलगा. फेब्रुवारी १५६४ मध्ये, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तो गेला, त्याच्या काही दिवस आधीपर्यंत त्यावर छिन्नी चालवत होता. आधी केलेलं मोडून त्याच दगडातून नवं काढत गेला, त्यामुळे मायलेकरं काडीसारखी झाली आहेत, एकमेकांत विरघळल्यासारखी. आणि बाजूला एक हात आहे. चांगला गुळगुळीत, पुरा झालेला, पीळदार हात. तो आधीच्या शरीराचा आहे. शरीर गेलं, हात तसाच लोंबत राहिला. मित्र म्हणाला, जगात याहून हलवून टाकणारा दगड मी पाहिला नाही, पण माझ्या विद्यार्थ्याने असं करायला घेतलं तर मी त्याच्या हातातून हातोडी काढून घेईन.

आता ती एक ओळ. ‘सासूबाई गेल्यापासून.’ ताई, सूप घेऊन पाखडणारी बाई कोण आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक तुम्हाला माहीत असावं, किंवा इतकं समोर असल्यामुळे दिसलं नसावं. मी काही मानसोपचारतज्ज्ञ नाही आणि न भेटलेल्या माणसाच्या मनात शिरायचा मला अधिकार नाही. पण मुलगा आईचा चेहरा करतोय आणि तो जमत नाहीये, असं असेल तर ‘नोकरी की कला’ हा प्रश्न गळूनच पडतो. चेहरा जमला की काम संपणार. काम संपलं की शेडमधून बाहेर यायचं. बाहेर आई नाही. माझा अंदाज चुकीचा असू शकतो, पण एकदा तपासून बघण्यासारखा नक्कीच आहे.

आणि तपासायला तुम्हाला शेडमध्ये जावं लागेल. तुम्ही पत्रात कॉम्प्रेसरचा आवाज लिहिलाय, वाळत घातलेल्या कपड्यांवरची भुकटी लिहिलीय, विजेचं बिल लिहिलंय. पुतळा कसा दिसतो ते एका शब्दाने लिहिलेलं नाही. ‘सूप घेतलेली बाई काढायची आहे’ एवढंच, तेही त्यांच्या तोंडचं. मी पत्र पुन्हा वाचलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की बहुधा तुम्ही गेल्या दोन-अडीच वर्षांत आत गेलेल्याच नाही. सवतीच्या दारात कशाला जायचं, हे मी समजू शकते. पण न पाहिलेल्या सवतीशी भांडण फार जड जातं, ती मनात दोन टनांची चार टनांची होते.

तुमच्या तीन पर्यायांबद्दल आता झटपट बोलते. परत नोकरी धरा, हा पर्यायच नाही. स्वेच्छानिवृत्ती मंजूर झाली की ती खुर्ची गेली. त्यावर भांडून फक्त रात्री खराब होतील. गप्प बसणं तुम्ही तीन वर्षं करून पाहिलंय, त्याचं फळ म्हणजे हे चार पानी पत्र. राहिलं भांडण. भांडा, पण ‘दगड की मी’ असं नको. त्या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस काही उत्तर दिलं तरी हरतो आणि विचारणाराही. आकड्यांवर भांडा.

एक वही घ्या. डाव्या बाजूला तुम्ही लिहा : पेन्शन, तुमचा पगार, शिल्लक, मुलीच्या पुढच्या शिक्षणाला लागणारी रक्कम आणि ती कोणत्या महिन्यात लागणार. उजवी बाजू त्यांना लिहू दे : आता नेमकं काय उरलंय? ढोबळ काम, दातेरी छिन्नीचं काम, कानस, पॉलिश, कशाला किती आठवडे? कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या हवेच्या छिन्नीची टोकं, डायमंड ब्लेड, पॉलिश पेपर, वीज, कशाला किती रुपये? शिल्पकाराला हे सांगता येतं. ‘कला अशी मोजता येत नाही’ म्हणाले तर मकराण्याच्या खाणवाल्याला पैसे कसे मोजून दिले ते विचारा. तारीख अगदी अचूक ठरली पाहिजे असं नाही, पण वहीत ती पडली पाहिजे. दिवाळीपर्यंत चेहरा, होळीपर्यंत पॉलिश, असं काहीतरी. मुलीलाही तेव्हा शेजारी बसवा. बारावीतल्या पोरींना घरातलं सगळं कळत असतं, फक्त कोणी त्यांना सांगत नाही, म्हणून त्या जास्त घाबरतात.

मग ऑर्डरी. आठवड्यातले दोन दिवस मागा, जास्त नको. बाकीचे दगडाचे. माझा मित्र म्हणाला ते इथे सांगते, कारण ते इतर मूर्तिकारांच्या घरीही उपयोगी पडेल. अर्धपुतळ्यात पैसा बुडतो तो कामामुळे नाही, बोलीमुळे. ‘बघू, पुतळा झाल्यावर देऊ’ या बोलीवर कधीच काम घ्यायचं नाही. हप्ते पाडायचे : काम घेताना पहिला, मातीकाम पसंत पडल्यावर दुसरा, साचा झाल्यावर तिसरा आणि पुतळा जागेवर जाण्याआधी शेवटचा. सगळं कागदावर, सही-शिक्क्यानिशी. सार्वजनिक जागेतला पुतळा असेल तर मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. ती आणायची कोणी आणि त्यात दुरुस्त्या निघाल्या तर त्याचे पैसे कोणाचे, हेही आधीच लिहायचं. परत पाठवलेल्या दोन ऑर्डरींपैकी एखादी अजून जिवंत आहे का, चौकशी करा. समित्यांची कामं वर्षानुवर्षं रेंगाळतात, हा त्यांचा दोष इथे तुमच्या पथ्यावर पडेल.

शिवाय मातीकाम सुरू झालं की आणखी एक गोष्ट होईल, आणि खरं तर मला तीच जास्त हवी आहे. हात पुन्हा मातीत जाईल. थेट दगडात शोधत जाणं ही एक रीत आहे, ब्रांकुशीसारख्या मोठ्या शिल्पकाराने १९०७ पासून ती अंगीकारली. पण तीच एक खरी आणि बाकी लबाड, असं नाही. इटलीचाच दुसरा शिल्पकार कानोव्हा आधी मातीत, मग प्लास्टरमध्ये पूर्ण आकाराचा नमुना करायचा, त्यावर पितळी खुणा ठोकून मापं दगडावर उतरवायचा, बराचसा दगड त्याचे कारागीर उडवायचे आणि शेवटचा हात फिरवायचा तो स्वतः. फ्रेंच शिल्पकार रोदँच्या संगमरवरांचं कोरीवकामही बहुतेक दुसऱ्यांच्या छिन्नीने झालेलं आहे. तुमच्या यजमानांना कारागीर ठेवायला नको, मापं उतरवायचं यंत्र आणायला नको. पण आईचा चेहरा त्यांनी पाच किलो शाडूत करून बघावा. दहादा करावा, दहादा मोडावा. शाडू मोडल्यावर पुन्हा पाणी मारून मळता येतो. दगडावर रुसवे काढण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. हे तुम्ही सांगितलंत तर ‘तुला काय कळतं’ होईल, म्हणून माझ्या मित्राचा निरोप म्हणून सांगा : चेहरा जमेपर्यंत दगडावरच्या चेहऱ्याला हात लावू नका, तोवर पाठ आणि पदर करत राहा.

आता हाताचं. हे मात्र वहीची, दिवाळीची वाट न बघता याच आठवड्यात. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात बेडफर्ड इथे चुनखडीच्या खाणींत हवेच्या हातोड्या वापरणाऱ्या कामगारांना डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये तपासलं होतं. थंड सकाळी त्यांची बोटं मेल्यासारखी पांढरी पडत, आणि उजव्यापेक्षा डाव्या हाताची जास्त, कारण छिन्नी धरणारा हात डावा. तुमच्या पत्रातली डाव्या बोटांची ओळ वाचताना मला तेच आठवलं. शंभर वर्षांपूर्वी ओळखलेला त्रास आहे, हवेच्या छिन्नीच्या थरथरीतून येणारा. वेळीच थांबलं तर आवरतो, रेटला तर बोटांची जाणीव कायमची जाऊ शकते, आणि ज्याला बोटांनी गाल चाचपून बघायचाय त्याला हे परवडणार नाही. डॉक्टरांना नुसतं ‘बोटं दुखतात’ सांगू नका, ‘रोज इतके तास हवेची छिन्नी धरतात’ असं सांगा. यंत्राच्या कामाला रोजची तासांची मर्यादा घाला, मधे मधे थांबू दे, थंडीत हात गरम ठेवू दे. उरलेलं काम हातोडी-छिन्नीने होतं. शतकानुशतकं झालंय.

खोकल्याचं जरा वेगळं. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, वाळूच्या दगडात किंवा ग्रॅनाइटमध्ये असते तेवढी सिलिका त्यात नसते, त्यामुळे सिलिकोसिसची, म्हणजे सिलिकेच्या भुकटीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराची, भीती त्या मानाने कमी. पण कमी म्हणजे नाही, असं नव्हे. ग्राइंडरने उडणारी बारीक भुकटी कुठल्याही छातीला चांगली नसते आणि काही दगडांत क्वार्ट्झच्या, म्हणजे सिलिकेच्याच, रेषा असतातच. तोंडाला बांधलेला उपरणं-रुमाल हा मास्क नव्हे. एन-९५ च्या दर्जाचा, नाकाला घट्ट बसणारा मास्क हवा, आणि छातीचा एक्स-रे एकदा काढून घ्या. भुकटी दाबायला पाणी मारून कापायचं म्हणाले तर उत्तम, पण त्याआधी शेडच्या लाइनला आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच, बसवून घ्या. पत्र्याची शेड, ओली जमीन, हातात विजेचं यंत्र. हे वाचूनच माझ्या पोटात गोळा आला.

हे सगळं करूनही ते ऐकणारच नाहीत, असं होऊ शकतं. वही उघडणार नाहीत, ऑर्डर घेणार नाहीत, डॉक्टरकडे जाणार नाहीत. तेव्हा तुमचा पगार आणि मुलीच्या शिक्षणाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि ते त्यांना सांगून ठेवा, लपवून नको. पतसंस्थेतल्या बाईला ठेवीचं मी काय शिकवणार! त्या पैशातून नवा दगड येणार नाही, एवढं त्यांच्या कानावर स्पष्ट असू द्या. हा अविश्वास नाही. दगडात शीर दिसली तर तेही तिच्या बाजूने वळसा घालूनच छिन्नी चालवतात.

पण ते पुढचं. आधी येत्या रविवारी सकाळी शेडमध्ये जा. हिशेब काढू नका, वही नेऊ नका. त्यांना म्हणा, मला दगड वाजवून दाखवा. सलग दगडावर हातोडीचा हलका ठोका मारला की घंटेसारखा खणखणीत आवाज येतो, आत चीर असेल तर बद्द. प्रत्येक दगडकामवाल्याला हे दाखवायला आवडतं. मग तुम्ही स्वतः वाजवून बघा. छिन्नी दगडावर सरळ काटकोनात मारली तर पांढरा डाग आतवर का उतरतो, तेही विचारा. माझ्या मित्राने मला अर्धा तास सांगितलं, मला त्यातलं अर्धंच कळलं. चेहऱ्याकडे बघा. ओळखीचा वाटला तर तसं सांगा, नाही वाटला तरी सांगा. ते चेहरे बदलतायत तेव्हा सासूबाईंना रोज पाहिलेलं घरात दुसरं माणूस कोण आहे? वीस वर्षं एका ओट्याशी तुम्हीच तर त्यांच्यासोबत उभ्या होतात. पाखडताना त्या मान कुठल्या बाजूला कलती करायच्या, ओठ मुडपायच्या की पुटपुटायच्या, हे मुलापेक्षा सुनेला जास्त माहीत असतं.

डोळ्यांना चष्मा लावून जा, कपच्या उडतात. आणि चहा झाकून न्या. तिथे उघडा कप ठेवला तर घोट घ्यायच्या आत त्यावर पांढरी साय धरलेली असते, आणि ती दुधाची नसते.